पंचेचाळीस-सत्तरची ओतीव गोळी

लिव्हर रायफलसाठी, म्हणजे खालचा लिव्हर ओढून काडतूस चढवायच्या रायफलसाठी, शिशाच्या गोळ्या ओतायचं डोक्यात आलं की माणूस आधी भट्टी घेतो, मग साचा, मग ल्यूबची, म्हणजे गोळीला लावायच्या वंगणाची, कांडी. मायक्रोमीटरची आठवण होते ती नळीला शिसं चढल्यावर. क्रम उलटा हवा. शून्य ते एक इंचाचा, इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर आधी, बाकी सगळं त्याच्यामागून. व्हर्नियरवर हे काम भागत नाही, कारण इथला सगळा हिशोब थाऊचा आहे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा. पिंपरी-चिंचवडच्या शॉप फ्लोअरवर उभं राहिलेल्याला हा शब्द समजावून सांगायला नको.

इथे लिहिलेलं .४५-७० बद्दल आहे आणि अमेरिकेतलं आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवणं हेच परवान्याचं काम आहे, तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे माहिती म्हणून वाचावं.

.४५-७० हे १८७३ साली अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्डच्या ट्रॅपडोअर रायफलसाठी घेतलेलं काडतूस. नावातले ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमच्या आसपास, आणि ओतीव शिशाची. तांब्याचं कवच घातलेली गोळी या काडतुसात फार नंतर आली. लिव्हर रायफलमध्ये ते आधी १८८१ च्या मार्लिनने बसवलं, मग जॉन ब्राउनिंगने रचलेल्या १८८६ च्या विंचेस्टरने. आज बहुतेकांच्या हातात मार्लिन १८९५ असते. नाव जुनं, पण ही नवी १८९५ बाजारात आली ती १९७२ मध्ये. मार्लिन २०२० पासून रुगरकडे आहे. जुन्या मार्लिनमध्ये मायक्रो-ग्रूव्ह रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) असायचं, उथळ आणि जास्त खाचांचं. त्यात ओतीव गोळी चालत नाही ही समजूत इतकी पक्की बसली आहे की लोक रायफल विकून टाकतात. चालते. जाड लागते, एवढंच.

तर पहिलं काम नळीचं माप. तांब्याच्या कवचाच्या गोळ्या झाडल्या असतील तर आधी तांबं पूर्ण काढायचं, नाहीतर माप खोटं येतं आणि पुढे ओतीव गोळीही त्या तांब्यावर घासली जाते. मार्लिनमध्ये लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर निघते, मग बोल्ट मागून सरकून बाहेर येतो. एजेक्टर सुटा होतो, तो हरवू द्यायचा नाही. आता नळी मागूनही मोकळी. शुद्ध मऊ शिशाची एक गोळी घ्यायची, हातोडीने टोकावर ठोकून थोडी फुगवायची, नळीत पातळ तेल फिरवायचं आणि तोंडाकडून ती आत बसवायची. मग टेप गुंडाळलेल्या स्टीलच्या किंवा पितळी सळीने एकसारखं ढकलत न्यायचं. लाकडी काठी नको. तिरकी मोडली की तिची चीर गोळीच्या बाजूने पाचरीसारखी घुसते आणि मग अर्धा दिवस गेला.

ढकलताना हाताकडे लक्ष हवं. लिव्हर रायफलच्या नळीला मागच्या साइटसाठी वर डव्हटेल कापलेला असतो, मॅगझिन नळी धरायला खाली काप असतो, बाजूला नाव दाबून उठवलेलं असतं. अशा ठिकाणी आतून नळी किंचित आवळलेली असू शकते. सळी एकदम जड लागते, मग हलकी. गोळी त्या आवळलेल्या जागेतून जाऊन लहान झालेली असते, म्हणून तोंडापासून मागेपर्यंत नेलेल्या गोळीचं माप हे सगळ्यात अरुंद जागेचं माप समजायचं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढचं खरं माप हवं तर दुसरी गोळी मागून दोन-तीन इंच आत ठोकायची आणि तोंडाकडून सळी घालून परत मागे काढायची. दोन्ही आकडे वहीत लिहायचे. सम संख्येच्या खाचा असतील तर समोरासमोरच्या उंचवट्यांवर मायक्रोमीटर बसतो. चार ठिकाणी फिरवून सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. गोळी याच्यापेक्षा एक ते दोन थाऊ जाड हवी. ग्रूव्ह, म्हणजे खाचांमधलं हे माप, .४५८ भरलं तर गोळी .४५९ किंवा .४६०. कवचाच्या गोळीचं .४५८ हे माप ओतीव गोळीला लावलं की बहुतेकांचा पहिला हंगाम वाया जातो. .४४४ मार्लिनवाल्यांनी हाच हिशोब आपल्या नळीचं माप घेऊन करावा, फरक फक्त आकड्यांचा.

कडकपणाचं वेड दुसऱ्या नंबरचं. नळीला शिसं चढलं की सल्ला मिळतो, अजून कडक मिश्रण घे. बहुतेक वेळा आजार वेगळाच असतो. कडकपणा ब्रिनेल आकड्यात मोजतात: शुद्ध शिसं ५, वीस भाग शिसं आणि एक भाग कथील म्हणजे १० च्या आसपास, चाकांच्या जुन्या वजनांचं मिश्रण १२, लायमन नंबर २ म्हणजे ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी, ते १५, आणि लायनोटाइप २२. ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणलं की साधारण किती दाबाला ते मिश्रण दबून पसरायला लागतं याचा पीएसआयमधला अंदाज येतो. १२ ला सतरा हजार, २२ ला एकतीस हजार. .४५-७० ची सामीने, म्हणजे काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने, ठरवलेली कमाल मर्यादाच २८,००० आहे. म्हणजे सौम्य भरणीत लायनोटाइपची गोळी पसरतच नाही. ती मुळात एक थाऊ बारीक असेल तर तशीच बारीक राहते, तिच्या कडेने गरम वायू पुढे निसटतो आणि सोल्डरिंगच्या टॉर्चसारखी तिची बाजू कापत जातो. तिथलं वितळलेलं शिसं नळीवर. मऊ गोळी निदान मागून दाबली जाऊन फट भरते. अर्थात बरोबर मापाची गोळी असेल तर या दोन्हींची गरज पडत नाही. १,३०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास १० ते १२ ब्रिनेल पुरतं. १,८०० च्या दिशेने जायचं तर गॅस चेक, म्हणजे गोळीच्या बुडावर बसवायची तांब्याची छोटी वाटी, आणि १५ च्या जवळपासचं मिश्रण.

शिसं कुठून आणायचं? टायरच्या दुकानातून चाकाची वजनं आणायची जुनी सवय होती: ९५ टक्क्यांवर शिसं, चारेक टक्के अँटिमनी, चिमूटभर कथील. आता बादलीत शिसं कमी आणि जस्त-लोखंड जास्त निघतं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मेन अशा राज्यांनी शिशाची वजनं बंदच केली. निवडणं हाताने. वायर कटरच्या दातात धरून दाबायचं: शिशात दात रुततात, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. काहींवर जस्ताची किंवा लोखंडाची रासायनिक खूण छापलेली असते. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त ४२० ला. म्हणून वजनं वितळवताना थर्मामीटर ३६० च्या वर जाऊ द्यायचा नाही. चुकून राहिलेलं जस्त आणि लोखंडी क्लिपा वर तरंगतात, झाऱ्याने काढता येतात. जस्त एकदा मिसळलं की मिश्रण भातासारखं दाट होतं, साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही, आणि घरी ते वेगळं करण्याच्या नादाला लागू नये. ते भांडं मासेमारीच्या वजनांना द्यावं. गाडीच्या बॅटरीचं शिसं तर अजिबात नको: त्यातल्या कॅल्शियम, आर्सेनिक, अँटिमनीमुळे, वितळताना वर आलेल्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटतात.

लायनोटाइप आणि मोनोटाइप म्हणजे छापखान्याचा धातू. खिळे जुळवणाऱ्यांच्या काळातली माणसं ज्याला टाइपाचं शिसं म्हणायची तेच. लायनोटाइपमध्ये ८४ शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. अक्षराची कड धारदार उठावी म्हणून जे मिश्रण ठरलं तेच गोळीच्या बुडाची कड धारदार उठवतं. आता ते महाग आहे, नुसतं ओतून संपवू नये. मऊ शिशात मसाल्यासारखं घालावं.

माझं नेहमीचं मिश्रण निम्मं चाकाच्या वजनांचं, निम्मं मऊ शिसं आणि वर दोन टक्के कथील. वीस पौंडांच्या भांड्याला, म्हणजे नऊ किलोंना, १८० ग्रॅम कथील. ते नळकामाच्या शिसेविरहित सोल्डरमधून मिळतं, ज्यात ९५ टक्के कथील आणि ५ अँटिमनी असतं. कथील कडकपणासाठी नाही. वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण कमी होऊन ते साच्याच्या खाचांत नीट बसावं यासाठी. दोन-तीन टक्क्यांच्या पुढे घातलेलं कथील म्हणजे पैसे उकळत्या भांड्यात टाकणं. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे ४०५ ग्रेनच्या सतरा गोळ्या. पूर्ण भांड्यातून तीनशे चांगल्या गोळ्या निघाल्या तर दिवस सत्कारणी लागला.

चाकांची घाणेरडी वजनं ओतायच्या भट्टीत कधी वितळवायची नाहीत. त्यासाठी वेगळं जुनं बिडाचं भांडं आणि बाहेर अंगणात प्रोपेनची शेगडी. तळातून ओतणाऱ्या भट्टीच्या तोटीत वाळूचा एक कण अडकला तरी ती दिवसभर ठिबकत राहते. वितळल्यावर मूठभर पाइनचा भुसा टाकायचा, तो कोळसा होईपर्यंत जळू द्यायचा आणि लाकडी काठीने तळ आणि कडा खरवडत ढवळायचं. भुशातला कार्बन वर आलेल्या कथिलाच्या ऑक्साइडला परत धातू करतो, माती आणि राख वर येते. ती राखाडी भुकटी उरली की काढायची. वर चंदेरी, लापशीसारखी साय दिसली की काही जण मळी म्हणून काढून फेकतात. ते कथील आहे, विकत घेतलेलं. मेणाचा तुकडाही चालतो, पण भडका उडतो, तोंड लांब ठेवायचं.

पाणी. एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि सगळं भांडं छतावर. थंड लगडी, दमट वजनं, कपाळावरचा घाम, सगळ्यांनी असा अपघात होतो. नवी लगडी आधी भांड्याच्या काठावर ठेवून गरम करायची आणि मगच आत सोडायची. पूर्ण चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे बूट, पॅंट बुटाच्या वरून. नायलॉन अंगावर नको.

साच्याची निवड लिव्हर रायफलच्या मॅगझिनने आधीच करून ठेवली आहे. मॅगझिनच्या नळीत काडतुसं एकामागे एक असतात, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीवर, आणि टोकाच्या धक्क्याने ती पेटू शकते. टोकदार किंवा कडक गोल नाकाची गोळी इथे घालायची नाही. सपाट, रुंद नाक हवं. शिवाय नाक फार लांब असेल तर काडतूस रिसीव्हरमधून वर येत नाही; सामीची एकूण लांबी २.५५० इंच आहे आणि मार्लिनची यंत्रणा तिच्या फार पुढे जाऊ देत नाही. एकेरी रायफलसाठी काढलेले पाचशे ग्रेनचे साचे म्हणूनच इथे निरुपयोगी. आरसीबीएसचा ४०५ ग्रेनचा सपाट नाकाचा गॅस चेकवाला, लायमनचा ४५७१९३ हा साध्या बुडाचा, लीचा स्वस्त अ‍ॅल्युमिनियमचा ४०५, हे तिन्ही लिव्हर रायफलमध्ये चालणारे. साच्यावर कोरलेला आकडा मात्र गोळीचा व्यास मानायचा नाही. अँटिमनी जास्त तर गोळी जाड आणि हलकी निघते, शिसं मऊ तर बारीक आणि जड. एकाच साच्यातून मिश्रण बदलून एक-दीड थाऊचा फरक पडतो.

नवा साचा तेलात बुडवून येतो. भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने गरम पाण्यात दोनदा घासायचा, पूर्ण वाळवायचा, मग अ‍ॅसिटोनने पुसायचा. वळकट्या पडलेल्या गोळ्यांमागे बहुतेक वेळा हेच तेल असतं. स्प्रू प्लेटच्या, म्हणजे साच्यावरच्या ओतायच्या भोकाच्या आणि जास्तीचं शिसं कापणाऱ्या पट्टीच्या, खिळ्याला आणि जुळणीच्या पिनांना टू-स्ट्रोकच्या सिंथेटिक तेलाचा ओलसर स्पर्श द्यायचा. थेंब नाही. कानातल्या काडीने लावून मग कोरड्या काडीने पुसून जेवढं उरेल तेवढं. ते पोकळीत शिरलं तर पुन्हा साबण.

भट्टी ३८० अंशांवर. साचा वीस मिनिटं भट्टीच्या काठावर, मग त्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात बुडवायचा. शिसं कोपऱ्याला चिकटून बाहेर आलं तर साचा थंड आहे. स्वच्छ बाहेर आला तर तयार. पहिल्या पाच-सहा ओतणी तरीही परत भांड्यातच जातात. साचा तोटीच्या खाली पाचेक मिलिमीटर धरायचा, थोडा तिरका, म्हणजे हवेला जायला वाट राहते. धार पूर्ण सोडायची. ४०५ ग्रेनची गोळी बारीक धारेने भरायला गेलं तर खालचा भाग गोठायला लागतो आणि वरचा अजून येतोय, मग मध्ये एक रेघ पडते. भरली की धार लगेच तोडायची नाही; स्प्रू प्लेटवर चांगलं डबकं साचू द्यायचं. गोळी गोठताना आकसते आणि वरून शिसं खेचून घेते. डबकं लहान असेल तर खेचायला काही उरत नाही आणि बुडात पोकळी राहते, बाहेरून न दिसणारी.

आता डबक्याकडे बघायचं. आधी ते आरशासारखं चमकतं. मग मध्यभागी किंचित खळगा पडतो. मग कडेकडून रंग दुधाळ होत आत सरकतो, सगळ्यात शेवटी मध्य. मध्य दुधाळ झाल्यावर अजून चार-पाच सेकंद. जाड हातमोजा घातलेल्या अंगठ्याने प्लेट ढकलली की घट्ट चीज कापल्यासारखी सुटली पाहिजे. शिसं प्लेटखाली फासलं गेलं किंवा बुडाच्या मधोमध खड्डा उपटून निघाला तर घाई झाली. लाकडी हातोडीशिवाय सुटत नसेल तर उशीर, किंवा साचा थंड. मोठ्या गोळ्यांच्या दोन पोकळ्यांच्या साच्यात मिनिटाला दोन ते तीन ओतणी हा माझा वेग. यापेक्षा भरभर ओतलं तर अ‍ॅल्युमिनियमचा साचा तापत जातो. गोळ्या जुन्या टॉवेलवर पडू द्यायच्या, एकमेकींवर नाही. गरम असताना नखाने ओरखडा पडेल इतक्या मऊ असतात.

गोळ्या बोलतात. वळकट्या म्हणजे साचा थंड किंवा तेल. सगळी गोळी एकसारखी मळकट पांढरी, साखर पसरल्यासारखी, म्हणजे साचा जास्त तापला; ती तशी वापरता येते, पण किंचित बारीक निघते, म्हणून मोजून घ्यायची. दोन्ही अर्ध्यांच्या मधून पातळ पापुद्रा निघतोय तर साच्याच्या तोंडावर शिशाचा ठिपका बसला आहे, तो गरम साच्यावर पितळी काडीने उचलायचा, चाकूने नाही. बुडाची कड गोल, जणू सँडपेपर मारलाय, हा सगळ्यात महत्त्वाचा दोष, आणि नवशिके नेमका हाच माफ करतात, कारण नाक सुंदर असतं. नाकावरचा ओरखडा शंभर यार्डांवर दिसत नाही. बुडाची कड एका बाजूला गोल असेल तर नळीच्या तोंडातून गोळी सुटताना वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला बाजूला टोचा बसतो. बूड नापास तर गोळी नापास. उरलेल्या तराजूवर टाकायच्या. माझ्याकडे दोन ग्रेनच्या आत असलेल्या एका डब्यात, त्याहून हलक्या परत भांड्यात. हलकी म्हणजे आत पोकळी.

बादलीतल्या पाण्यात सोडून गोळ्या कडक करायची पद्धत आहे. अँटिमनीमुळे चाकाच्या वजनांचं मिश्रण १२ वरून १८ च्या पुढे जातं. पिस्तुलवाल्यांनी ती लोकप्रिय केली. या काडतुसाला तिची गरज नाही आणि उकळत्या शिशाशेजारी पाण्याची बादली मला बघवत नाही. हवेत थंड झालेल्या गोळ्याही एक-दोन आठवड्यांत आपोआप थोड्या कडक होतात, म्हणून ओतल्या दिवशी कडकपणा मोजून निष्कर्ष काढू नये.

साइजिंगचं काम गोळी गोल आणि एका मापाची करणं, बारीक करणं नाही. साच्यातून .४६१ निघालेली .४६० च्या डायमधून काढावी. .४६१ ची .४५८ केली तर ल्यूबच्या खाचा दबतात आणि बूड सरकतं. उलट अडचण जास्त वेळा येते: साचा .४५८ देतो आणि नळीला .४६० हवी. तेव्हा साच्याच्या एका अर्ध्याच्या तोंडावर, पोकळीपासून लांब कोपऱ्यांवर, उष्णता सोसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम टेपचे बारीक तुकडे चिकटवायचे. दोन्ही अर्धे दोन-तीन थाऊ लांब राहतात, गोळी त्या दिशेने जाड होते आणि साइजिंग डाय तिला पुन्हा गोल करतो. पातळ पापुद्रा निघतो, तो डायमध्येच कापला जातो. दुसरा मार्ग पावडर कोटिंग: प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या, चमचाभर पॉलिएस्टर पावडर आणि एअरसॉफ्टचे प्लास्टिकचे मणी, एक मिनिट हलवायचं, मग जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये २०० अंशांवर वीस मिनिटं. त्या ओव्हनमध्ये परत पाव भाजायचा नाही, हे सांगावं लागू नये. व्यास एक ते दोन थाऊ वाढतो, ल्यूब लागत नाही, धूर कमी. पाण्यात टाकून मिळवलेला कडकपणा मात्र त्या भट्टीत उतरतो.

ल्यूब लावणाऱ्यांसाठी मधमाशीचं मेण आणि अ‍ॅलॉक्स (पेट्रोलियमपासूनचं मेणासारखं वंगण) निम्मं निम्मं हे जुनं मिश्रण आजही पुरेसं आहे. खाच पूर्ण भरलेली हवी, बूड कोरडं हवं. बुडाला लागलेलं ल्यूब दारू खराब करतं. गॅस चेक बसवताना तो सरळ बसला का हे बोटाने फिरवून बघायचं. तिरका बसलेला चेक म्हणजे पुन्हा तेच, तिरकं बूड.

इथवर सगळं नीट करून माणसं हरतात ती केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात. .४५-७० चे बरेच डाय संच कवचाच्या .४५८ गोळीसाठी असतात आणि त्यातला एक्स्पांडर, म्हणजे केसचं तोंड रुंद करणारा दांडा, त्या मापाने बारीक असतो. त्या केसमध्ये .४६० ची मऊ गोळी दाबली की केस जिंकते. खात्री करायची सोपी रीत: प्रायमर आणि दारूशिवाय एक काडतूस भरायचं, मग हातोडीसारख्या पुलरने गोळी बाहेर काढून बूड मोजायचं. आत गेली .४६०, बाहेर आली .४५७, असं दिसलं की महिनाभराचं कोडं दोन मिनिटांत सुटतं. इलाज म्हणजे दोन पायऱ्यांचा एक्स्पांडर, ज्याला एम डाय म्हणतात. पहिली पायरी गोळीपेक्षा एक-दोन थाऊ बारीक, दुसरी गोळीपेक्षा किंचित जाड, म्हणजे बूड ओठावर सरळ उभं राहतं. नुसतं तोंड घंटेसारखं पसरवणं वेगळं. त्याने शिसं खरवडलं जात नाही इतकंच, मान बारीकच राहते.

जाड गोळीमुळे काडतुसाची मानही जाड होते. केसच्या भिंतीची दुप्पट जाडी अधिक गोळीचा व्यास हा आकडा चेंबरपेक्षा लहान हवा. .४६० च्या गोळीचं रिकामं काडतूस नुसत्या बोटाच्या दाबाने चेंबरमध्ये उतरलं आणि आपोआप बाहेर पडलं तर ठीक. अडलं तर एक थाऊ खाली.

केसची लांबी २.१०५ इंच कमाल. सगळ्या एका लांबीला कापायच्या, कारण क्रिम्प, म्हणजे केसचा ओठ गोळीवर आत वळवणं, लांबीवर ठरतो, आणि लिव्हर रायफलमध्ये क्रिम्प हा शोभेचा भाग नाही. मॅगझिनची स्प्रिंग आणि प्रत्येक धक्का मागची काडतुसं पुढे-मागे आपटवतो. क्रिम्प सैल असेल तर गोळी केसमध्ये आत सरकते, जागा कमी होते आणि दाब वाढतो. गोळी बसवणं एका पायरीत, क्रिम्प दुसऱ्या पायरीत. दोन्ही एकत्र केलं तर ओठ वळायला लागलेला असताना गोळी अजून खाली जात असते आणि शिशाचं कडं खरवडून वर येतं. ओठ क्रिम्पच्या खाचेत वळलेला दिसला पाहिजे. प्रायमर केसच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, नखाने तपासून, प्रत्येक.

दारूचे आकडे इथे देत नाही. ते दारू बनवणाऱ्याच्या चालू तक्त्यातून घ्यायचे, त्याच गोळीच्या वजनासाठी, सगळ्यात खालच्या आकड्यापासून. या काडतुसाचे तक्ते तीन पातळ्यांचे असतात: ट्रॅपडोअरसाठी, लिव्हर रायफलसाठी आणि रुगर नंबर १ सारख्या मजबूत एकेरी रायफलसाठी. पान उलटताना तिसरा तक्ता वाचून लिव्हर रायफलमध्ये भरला गेला तर रायफलची आणि डोळ्याची खैर नाही. केस मोठी, दारू थोडी, म्हणजे दुप्पट भरणी आत सहज मावते आणि बाहेरून कळत नाही. पन्नास केसचा ठोकळा, सगळ्यांत दारू, मग गोळी बसवायच्या आधी टॉर्चने प्रत्येकीत उजेड टाकून पातळी बघायची. फोन बंद. केसमधली रिकामी जागा कापसाने किंवा रव्याने भरायचे जुने सल्ले धूरविरहित दारूला लावू नयेत. चेंबरला आतून कडं पडल्याची उदाहरणं आहेत.

रेंजवर आधी पन्नास यार्ड. पाच गोळ्या, मग नळीत उजेड टाकून बघायचं. घाईने शंभरावर जाऊन कागदावरचा पसारा मोजण्यापेक्षा नळी जास्त सांगते. शिसं चेंबरच्या लगेच पुढे बसलं असेल तर गोळी बारीक आहे किंवा केसने तिला बारीक केलं. पुढे तोंडाकडे बसलं असेल तर ल्यूब वाटेत संपलं. एका ठराविक जागीच रेघ असेल तर तिथे आवळलेली किंवा खडबडीत जागा आहे, आणि ती सळीने माप घेताना हाताला लागलेली असते. सगळीकडे पातळ राखाडी धुकं असेल आणि दहा गोळ्यांनंतरही वाढत नसेल तर ते सोडून द्यावं. नळीच्या तोंडावर ल्यूबचा ओलसर चांदणीसारखा ठसा उठला तर ल्यूब शेवटपर्यंत पुरलं.

मिश्रण बदलायच्या आधी माप एक थाऊ वाढवून बघायचं. दहापैकी आठ वेळा काम तिथेच संपतं.

हात धुणं, खाणं-पिणं लांब ठेवणं हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण धोका नक्की कुठे ते कमी जण सांगतात. ३८० अंशांवर शिशाची वाफ नगण्य असते. खरं विष मळीच्या राखाडी भुकटीत आहे आणि रेंजवरच्या प्रायमरच्या धुरात, विशेषतः बंदिस्त रेंजवर. मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, ओतायची जागा ओल्या फडक्याने पुसायची, झाडू मारायचा नाही. हात आधी गार पाण्याने. ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यायचं. आणि कॅलिफोर्नियात शिकारीला जाणाऱ्यांनी हा सगळा उद्योग कागदावरच्या निशाण्यांपुरता ठेवावा. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाची गोळी चालत नाही.

नळीतलं शिसं काढायला व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचं मिश्रण सुचवलं जातं. त्याने शिसं विरघळतं खरं, पण विरघळून तयार होतं ते लेड अ‍ॅसिटेट, पाण्यासारखं पातळ आणि कातडीतून शिरणारं. त्यापेक्षा झिजलेल्या ब्रॉन्झ ब्रशवर भांडी घासायच्या तांब्याच्या चोथ्याचे धागे गुंडाळायचे आणि सात-आठ फेऱ्या मारायच्या. शिशाच्या चकचकीत चकल्या खाली कागदावर पडतात. चोथा विकत घेताना खिशात चुंबक ठेवावा. तांब्याचा मुलामा दिलेला स्टीलचा चोथा दिसायला तसाच असतो, आणि तो चुंबकाला चिकटतो.